ट्रोपोमीच्या फॉर्माल्डिहाइडवरून सह्याद्रीतलं आयसोप्रीन काढताना: उपग्रह सगळीकडे मॉडेलच्या वर का?

घाटवाट:
ट्रोपोमी (सेंटिनेल-५पी उपग्रहावरचा वर्णपटमापक) फॉर्माल्डिहाइडचा कॉलम देतो, म्हणजे जमिनीपासून वरपर्यंतच्या हवेतलं एकूण फॉर्माल्डिहाइड. त्यावरून सह्याद्रीतल्या झाडांचं आयसोप्रीन उत्सर्जन काढायचं आहे (आयसोप्रीन हा झाडं सोडतात तो वायू, हवेत त्याचं फॉर्माल्डिहाइड बनतं). पट्टा १५ ते २१ उत्तर, ७२ ते ७५ पूर्व. चौकटी पाव अंशाच्या, सरासरी महिन्याची. शेजारी मेगन २.१ (झाडांच्या उत्सर्जनाचं मॉडेल) जोडलेलं रसायन-वहन मॉडेल आहे.

आतापर्यंतची कृती: क्यूए व्हॅल्यू (पिक्सेलच्या दर्जाचा आकडा, ० ते १) ०.५च्या वरचे पिक्सेल घेतले, उणे कॉलम निरर्थक म्हणून गाळले, उरलेल्यांची सरासरी काढली आणि मॉडेलचा १३:३०चा कॉलम समोर ठेवला. उपग्रह सगळीकडे, सगळ्या महिन्यांत वर. अरबी समुद्रावरसुद्धा, जिथे एक झाड नाही. घाटावर तफावत मार्चमध्ये सगळ्यांत मोठी. मेगनचे एमिशन फॅक्टर (प्रमाण परिस्थितीत झाडं किती वायू सोडतात तो आकडा) दुप्पट करून भागेल का?

पिक्सेलपंत:
फॅक्टरला हात लावू नका. उत्तर समुद्रानंच दिलंय.

ट्रोपोमीच्या एका पिक्सेलमधल्या फॉर्माल्डिहाइडचा गोंगाट साधारण ७ × १०^१५ रेणू प्रति चौ. सेंमी असतो. (पुढे १०^१५ला नुसतं 'एकक' म्हणतो, बोटं वाचतील.) समुद्रावर खरा कॉलम असतो ३ एककांच्या आसपास, तोही बहुतेक मिथेनच्या ऑक्सिडेशनमधून आलेला. ३ खरं आणि ७ गोंगाट म्हटल्यावर दर तीन पिक्सेलांतला एक उणे येणारच. तो मोजणीचा दोष नाही, गोंगाटाची डावी बाजू आहे. ती कापली की सरासरी ३ची थेट ६.८ होते. हेच १० एककांच्या जागी केलं तर १०चे ११ होतात. म्हणजे स्वच्छ जागा दुपटीहून जास्त फुगते आणि जंगल जेमतेम १० टक्के. उत्सर्जन तर या दोघांच्या फरकातून काढायचंय, तोच तुम्ही ७चा ४ करून ठेवलात.

तेव्हा उणे आकडे जसेच्या तसे ठेवा. फार वेडेवाकडे पिक्सेल गाळायचे असतील तर दोन्ही बाजूंनी सारखे गाळा.

एकक बदलाचा गुणकही एकदा तपासा. फाइलीत आकडा मोल प्रति चौ. मीटर असतो, त्याला ६.०२२ × १०^१९नं गुणायचं. ०.०००१८चे १०.८ एकक झाले पाहिजेत.

मॉडेलवाली:
मॉडेलचं १३:३० कुठलं? यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असेल तर ती आपल्याकडची संध्याकाळचे सातची वेळ. तेव्हा आयसोप्रीन जवळपास शून्य असतं आणि दुपारचं फॉर्माल्डिहाइड ओसरायला लागलेलं असतं. असं असेल तर मॉडेल कमी दिसणारच.

सेंटिनेल-५पी विषुववृत्त ओलांडतो स्थानिक सौर वेळेनुसार १३:३०ला. ७४ पूर्वेला ते घड्याळात सुमारे १४:०४ होतं, यूटीसीत ८:३४. त्यात पट्टा २६०० किलोमीटर रुंद, त्यामुळे तुमची जागा पट्ट्याच्या कडेला आली की वेळ आणखी पुढेमागे होते. ठोकळ तास न घेता प्रत्येक पिक्सेलची वेळ फाइलीतून वाचा आणि मॉडेलचे अलीकडचे-पलीकडचे तास घेऊन मधला आकडा काढा.

आणि मॉडेल फक्त त्याच दिवशी, त्याच चौकटीत उचला जिथे उपग्रहाला पिक्सेल मिळालाय. महिन्याची सरासरी महिन्याच्या सरासरीशी लावायची नाही. उपग्रहाला फक्त निरभ्र दिवस दिसतात, तेच जास्त उन्हाचे आणि जास्त गरम, म्हणजे जास्त आयसोप्रीनचे. मॉडेलच्या सरासरीत ढगाळ दिवसही धरलेत. एवढ्यानंसुद्धा जूनमध्ये मोठी तफावत दिसते.

घाटवाट:
यूटीसीच होतं. 🙏 उणे आकडेही परत घेतले, समुद्र बराच खाली आला. घाटावर मार्च-एप्रिलमध्ये मात्र उपग्रह अजून वर आहे, ऑक्टोबरमध्ये थोडा खाली.

पिक्सेलपंत:
आता एअर मास फॅक्टरकडे या, म्हणजे तिरप्या कॉलमला ज्यानं भागून उभा कॉलम मिळतो तो आकडा. सह्याद्रीत खरी मेख तिथे आहे.

उपग्रह मोजतो तो तिरपा कॉलम, म्हणजे प्रकाशाच्या वाटेत आलेलं सगळं फॉर्माल्डिहाइड. तो ३२८.५ ते ३५९ नॅनोमीटरच्या खिडकीतून निघतो. या तरंगलांबीला रॅले विकिरण (हवेच्या रेणूंवरून प्रकाश विखुरणं) जोरात असतं, त्यामुळे जमिनीलगतच्या थरापर्यंत जाऊन परत येणारा प्रकाश कमी. म्हणून वायू कोणत्या उंचीवर आहे हे आधी गृहीत धरल्याशिवाय उभा कॉलम मिळतच नाही. ट्रोपोमीच्या अधिकृत उत्पादनात हे गृहीतक टीएम५ मॉडेलचं, चौकट १ अंशाची.

आता १७ ते १८ उत्तर, ७३ ते ७४ पूर्व ही चौकट डोळ्यांसमोर आणा. गुहागरचा किनारा, कोकण, कोयनेचं खोरं, घाटमाथा, साताऱ्याचा पठारी भाग, सगळं एकाच चौकटीत आणि सगळ्यांना एकच प्रोफाइल (कोणत्या उंचीवर किती वायू, ते). घाटाच्या दाट झाडीवर फॉर्माल्डिहाइड जमिनीलगत दाटलेलं असतं, गृहीत धरलेलं प्रोफाइल मात्र समुद्राच्या हवेनं पातळ झालेलं. मग एअर मास फॅक्टर गरजेपेक्षा मोठा धरला जातो आणि कॉलम कमी निघतो. तुमच्या ऑक्टोबरच्या 'थोडा खाली'चा काही भाग इथलाच असणार.

उपाय असा. प्रत्येक पिक्सेलबरोबर अॅव्हरेजिंग कर्नल दिलेला असतो, म्हणजे कोणत्या थरातलं फॉर्माल्डिहाइड उपग्रहाला किती दिसतं त्याचे आकडे. तुमच्या मॉडेलचे उपकॉलम (एकेका थरातलं फॉर्माल्डिहाइड) टीएम५च्या दाब-थरांवर आणा (थरांचे ए आणि बी हे स्थिरांक फाइलीतच असतात, भूपृष्ठाचा दाबही). मग प्रत्येक थराचा कर्नल गुणिले त्या थराचा उपकॉलम, यांची बेरीज करा आणि तिला उपकॉलमांच्या साध्या बेरजेनं भागा. हा भागाकार जुन्या फॅक्टरला गुणला की नवा फॅक्टर. समजा जुना १.१५ आणि नवा ०.९५ आला, तर १०.८ एककांचा कॉलम १३.१ होतो. एका पायरीत २१ टक्के, झाडांना हात न लावता.

नेहमीच्या दोन चुका: थरांचा क्रम उलटा घेणं (मॉडेल वरून खाली, फाइल खालून वर), आणि दाब पास्कलऐवजी हेक्टोपास्कलमध्ये समजणं. दोन्हींत उत्तर येतंच, प्रोग्रॅम मुकाट चालतो. तपासायचं असेल तर एका पिक्सेलचा कर्नल उंचीसमोर काढून बघा. जमिनीलगत लहान आणि वर मोठा दिसला तर ठीक.

शून्यलहरी:
+१. मॉडेलची पडताळणी करायची असेल तर नवा फॅक्टर न काढता मॉडेलवरच कर्नल लावून तो कॉलम उपग्रहासमोर ठेवला तरी चालतं. गुणोत्तर तेच येतं. दोन्ही एकदम मात्र करू नका. फॅक्टर बदलून वर मॉडेलवर कर्नलही लावला की दुरुस्ती दोनदा होते.

पडताळणीतून आलेला कलही ध्यानात घ्या. जमिनीवरच्या एफटीआयआर (सूर्याचा अवरक्त प्रकाश मोजणाऱ्या) केंद्रांशी ताडून पाहिल्यावर ट्रोपोमीचं फॉर्माल्डिहाइड २.५ एककांखालच्या स्वच्छ जागी सुमारे २६ टक्के जास्त आणि ८ एककांवरच्या जागी सुमारे ३० टक्के कमी निघालं आहे. म्हणजे वरचं टोक दबलेलं, खालचं उचललेलं. हा कल सरासरीनं जात नाही. पुण्यात आयआयटीएम या हवामानशास्त्राच्या संस्थेनं मॅक्स-डोआस या जमिनीवरच्या वर्णपटमापकानं फॉर्माल्डिहाइडची दीर्घ मोजणी केली आहे. आपल्या पट्ट्यासाठी तुलना तिच्याशी केलेली बरी.

निंबोणी:
मार्चबद्दल कुणीच बोलत नाहीये. 🙂 मार्च-एप्रिलमध्ये तुम्ही झाडं मोजत नाही आहात, आग मोजताय.

फेब्रुवारी ते मे हा वणव्यांचा हंगाम. लाकूड, गवत, पालापाचोळा जळताना फॉर्माल्डिहाइड थेट बाहेर पडतं आणि धुरातल्या इतर सेंद्रिय वायूंपासून वाटेत आणखी बनतं. विदर्भात, गडचिरोलीकडे हे जास्त, पण घाटातले गवताळ उतारही पेटतात. देशावर ऊस गाळपाच्या हंगामात पाचट जाळतात ते वेगळंच.

व्हिअर्स या उपग्रहावरच्या मापकाचे ३७५ मीटरचे सक्रिय आगीचे बिंदू घ्या. ज्या चौकटीत किंवा लगतच्या चौकटीत त्या दिवशी किंवा आदल्या दिवशी आग आहे ती वगळा. तेवढ्यानं भागत नाही, कारण व्हिअर्सही दुपारी दीड आणि रात्री दीडच्या सुमारास जातो. मधल्या वेळेत अर्ध्या-पाऊण तासात संपणारी पाचटाची आग त्याला दिसतही नाही. म्हणून ट्रोपोमीचाच कार्बन मोनॉक्साइड कॉलम आणि शोषक एरोसॉल निर्देशांक (हवेतल्या धूर-धुळीची खूण) सोबत बघा. फॉर्माल्डिहाइडबरोबर कार्बन मोनॉक्साइडही उसळलं तर ते आगीच्या खात्यात. झाडं कार्बन मोनॉक्साइडची तशी उसळी देत नाहीत.

मॉडेलवाली:
निंबोणीताईंना दुजोरा, आणि मार्चची दुसरी बाजू. मेगनमध्ये उत्सर्जन म्हणजे एमिशन फॅक्टर गुणिले गॅमा. प्रमाण परिस्थिती ३०३ केल्विन आणि १००० मायक्रोमोल प्रकाश. त्यावर उष्णता, प्रकाश, पानांचं वय, पर्णक्षेत्र (जमिनीच्या दर चौ. मीटरवर पानांचं क्षेत्र किती) आणि मातीतला ओलावा यांचे गुणक बसतात. उष्णतेचा गुणक ४० अंश सेल्सियसच्या आसपास शिखराला जातो आणि पुढे कोसळतो. तापमान पानाचं धरायचं, हवेचं नाही. कडक उन्हात, बाष्पोत्सर्जन थांबलेलं असताना पान हवेपेक्षा काही अंश गरम असतं.

आपल्या पानझडी जंगलात गोची अशी की उष्णता शिखरावर असते तेव्हा झाडावर पानंच नसतात. सागानं पानं टाकलेली, पळस नुसता फुलांनी लाल. पर्णक्षेत्राची आकडेवारी हे कितपत पकडते त्यावर तुमचा मार्च ठरतो. मोडिस या उपग्रह-मापकाचा आठ दिवसांचा, ५०० मीटरचा संच घेतलात तर पानगळ दिसते. ठरीव सरासरी वर्ष घातलंत तर ती बोथट होते. कुसुमाला मार्चमध्ये लाल कोवळी पालवी येते. ती पर्णक्षेत्रात भरते, पण कोवळं पान आयसोप्रीन फारसं सोडत नाही, पान पुरतं उघडल्यावर उत्सर्जन वाढतं. पानांच्या वयाचा गुणक बंद ठेवून चालवलं तर हे हातून जातं.

दोन चुका मेगनमध्ये अगदी सर्रास होतात:

पहिली, पर्णक्षेत्र. मेगनला हवं असतं ते झाडीनं व्यापलेल्या भागावरचं पर्णक्षेत्र. उपग्रहाचं पर्णक्षेत्र सगळ्या चौकटीवर पसरलेलं असतं, त्याला झाडीच्या अंशानं भागावं लागतं. ४० टक्के झाडी आणि सरासरी पर्णक्षेत्र १.२ असेल तर मेगनला ३.० द्यायचं. १.२च दिलं तर पानांच्या छताच्या आतलं सावलीचं गणितच चुकतं. उलट झाडी २-३ टक्के असलेल्या माळावर भागाकार अफाट फुगतो, म्हणून तिथे वरची मर्यादा घाला.

दुसरी, कार्बन की आयसोप्रीन. मेगन २.१चा जागतिक वार्षिक आकडा ५३५ टेराग्रॅम आयसोप्रीन, म्हणजे सुमारे ४७२ टेराग्रॅम कार्बन. रेणूभार ६८, त्यात कार्बन ६०. काही मॉडेलांच्या जुन्या आवृत्त्या कार्बनच्या किलोत लिहितात, नव्या आयसोप्रीनच्या. जुन्या-नव्या फाइली एकत्र जोडल्या की १२ टक्क्यांची पायरी येते, आणि ती हवामानामुळे आली असं वाटून माणसं कारणं शोधत बसतात.

घाटवाट:
पर्णक्षेत्र भागलं नव्हतं. करतो. पण मग कॉलमवरून उत्सर्जनाकडे यायचं कसं? सरळ रेषा लावून चालेल?

पिक्सेलपंत:
उत्तर अमेरिकेवर जोम या जुन्या उपग्रह-मापकाच्या डेटासाठी २००३ साली मांडलेली पद्धत तीच आहे: कॉलम = उतार × उत्सर्जन + पार्श्वभूमी. उतार मॉडेलमधून काढायचा. डोळे उघडे ठेवून वापरली तर अजून उपयोगी आहे.

आकड्याचा अंदाज येण्यापुरतं गणित हातानं करू. तासाला प्रति चौ. मीटर १ मिलिग्रॅम आयसोप्रीन. भागिले ६८.१२ केलं की १.४७ × १०^-५ मोल, म्हणजे चौ. सेंटिमीटरला ताशी ८.८ × १०^१४ रेणू. एका आयसोप्रीनपासून धरा २ फॉर्माल्डिहाइड, आणि दुपारच्या उन्हात फॉर्माल्डिहाइड टिकतं धरा २ तास. ०.८८ × २ × २ = ३.५ एकक. म्हणजे १ मिलिग्रॅम उत्सर्जन कॉलममध्ये साधारण साडेतीन एककांची भर घालतं.

एका पिक्सेलचा गोंगाट याच्या दुप्पट. ०.५ एककापर्यंत यायचं तर (७ ÷ ०.५)चा वर्ग, १९६ पिक्सेल लागतील. ६ ऑगस्ट २०१९पासून बरोबर खालचा पिक्सेल ३.५ × ५.५ किलोमीटरचा आहे (त्याआधी ३.५ × ७). आपल्या अक्षांशावर पाव अंशाची चौकट सुमारे ७३० चौ. किलोमीटर, एका फेरीत ३८ पिक्सेल. १९६साठी पाच-सहा पूर्ण निरभ्र फेऱ्या. पट्ट्याच्या कडेला पिक्सेल मोठे होतात, ढगही खातात, म्हणून आठ-दहा दिवस धरा. जुलैत एवढे मिळत नाहीत. तेव्हा जुलैचा नकाशा काढूच नका.

मॉडेलवाली:
त्या '२ रेणू आणि २ तास'वर मला हरकत आहे. आयसोप्रीनपासून फॉर्माल्डिहाइड किती आणि किती लवकर बनतं हे नायट्रोजन ऑक्साइडांवर ठरतं. ती भरपूर असतील तर लवकर आणि जास्त, कमी असतील तर सावकाश आणि सुरुवातीला कमी. मुंबई-ठाण्याच्या वाऱ्याखालचा माळशेज आणि आंबोली या दोघांना एकच उतार लावला तर मुंबईच्या नायट्रोजन ऑक्साइडचा काही भाग माळशेजच्या झाडांच्या नावावर चढतो. शिवाय मुंबईचे स्वतःचे सेंद्रिय वायूही फॉर्माल्डिहाइड देतात. निदान ट्रोपोमीच्याच नायट्रोजन डायऑक्साइडवरून चौकटींचे दोन-तीन गट करा आणि प्रत्येकाचा उतार वेगळा काढा. तो कॉलम घेताना क्यूए व्हॅल्यू ०.७५च्या वर लागते, ०.५ नाही. आणि सगळी वर्षं पुनर्प्रक्रिया केलेल्या एकाच मालिकेतली घ्या. २०२०च्या अखेरीस ढगांच्या उंचीचं गणित बदलल्यावर त्या उत्पादनात पायरी आली होती, जुन्या फाइली मिसळल्या तर ती तुमच्या नकाशात येईल.

वाऱ्याचंही आहे. सेकंदाला ५ मीटर म्हणजे ताशी १८ किलोमीटर. आयसोप्रीनचा तास आणि फॉर्माल्डिहाइडचे दोन-तीन तास धरले तर खूण ५० ते ७० किलोमीटर सरकते. पाव अंशाच्या दोन-अडीच चौकटी! सह्याद्रीची दाट झाडी कितीतरी ठिकाणी याहून अरुंद आहे. चौकटीला चौकट लावणारी सरळ रेषा इथे लटकी पडते. अॅडजॉइंट किंवा एन्सेम्बल वापरून व्यस्त गणित करावं, म्हणजे वारा आणि रसायन धरून मॉडेल उलटं चालवून कॉलमवरून उत्सर्जन शोधावं.

पिक्सेलपंत:
व्यस्त गणितात हे सगळे दोष असतातच, फक्त आत दडतात. प्रोफाइल चुकलेलं, वारा चुकलेला, आणि वर त्रुटीचा मॅट्रिक्स अंदाजानं भरलेला. आधी १ अंशाच्या चौकटीवर सरळ रेषा, मग पुढचं.

शून्यलहरी:
वाद चालू द्या, मधे एक वेगळा दाखला. क्रिस हा अवरक्त वर्णपटमापक (सुओमी-एनपीपी, २०११पासून) आयसोप्रीन थेट मोजतो, ८९४ आणि ९०५ प्रति सेंटिमीटरच्या आसपासच्या शोषणावरून. वेळही दुपारी दीडचीच. अट अशी की जमीन आणि हवेच्या तापमानात फरक हवा. आपल्या कोरड्या महिन्यांत तो असतो. महिन्याच्या सरासरीवर चालतं, रोजच्या नकाशावर नाही. फॉर्माल्डिहाइड चढलेलं पण क्रिसचं आयसोप्रीन जागेवर, असं मार्चमध्ये दिसलं तर आगीची शंका पक्की.

जेम्स या आशियावरच्या उपग्रह-मापकाबद्दल विचारणार असाल तर: तो भूस्थिर, दिवसभर दर तासाला बघतो, पण त्याचं नेमलेलं क्षेत्र ७५ पूर्वेपासून सुरू होतं. सोलापूर, नागपूर आत, पुणे आणि घाट बाहेर. स्कॅन पश्चिमेकडे सरकतो तेव्हा काही भाग येतो, पण कडेला असल्यानं दृष्टिकोन फार तिरपा.

निंबोणी:
महिना ऑक्टोबरचा घ्या हो. पाऊस ओसरलेला, आकाश मोकळं, ऑक्टोबर हीट, आणि पानं सगळी झाडावर. वणवे नाहीत, पाचट अजून फारसं सुरू नाही. वर्षभरात झाडांचा आवाज सगळ्यांत स्वच्छ ऐकू येईल असा महिना हाच. बांबू आणि निलगिरी चांगलं आयसोप्रीन सोडतात, आंबा मात्र मुख्यतः मोनोटर्पिन (झाडांचेच वेगळे, वासाचे वायू). तेव्हा रत्नागिरीच्या आमराया आणि बांबूची रानं एकाच 'रुंदपर्णी' गटात टाकलीत तर फॅक्टर कसाही फिरवला तरी दोन्हीकडे बसणार नाही.

घाटवाट:
ठरलं. १० ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर, प्रत्येक वर्षी. आगीच्या चौकटी वगळून, कर्नल लावून, चौकट १ अंशाची. शिवाय पाव अंशाची वेगळी, फक्त बघण्यापुरती.

पिक्सेलपंत:
समुद्रावरची एक चौकट, १७ ते १८ उत्तर, ७० ते ७१ पूर्व, रोज वेगळी छापत राहा. ती ३-४ एककांवरून हलली की त्या दिवशीच्या घाटाच्या आकड्याकडे बघूच नका. बहुतेक वेळा एरोसॉल किंवा पातळ ढग गाळणीतून सुटलेले असतात. अशा दिवसांवर ढगांचा अंशही ०.३वर कापून बघा. क्यूए व्हॅल्यू पार केलेल्या पिक्सेलांतही अर्धवट ढगाळ उरतात.

मॉडेलवाली:
आणि नोव्हेंबरच्या त्या दहा दिवसांत वारा ईशान्येकडून असतो, मार्चसारखा समुद्राकडून नव्हे. घाटाची खूण तेव्हा कोकणावर आणि किनाऱ्यापलीकडे सरकलेली दिसेल. म्हणून समुद्राची चौकट ७०वर ठेवलीत ते बरं केलंत, ७२वर ठेवली असती तर तीत घाटच मोजला गेला असता.